जिवंत चेंडूचा हंगाम

अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामा राज्यात ऑबर्न नावाचं एक गाव आहे. 2010च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या भरली 53,380. याच गावातल्या विद्यापीठाच्या आवारात जॉर्डन-हेअर स्टेडियम आहे आणि 2013मध्ये त्यात माणसं बसायची 87,451. म्हणजे तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या आजोबांपर्यंत अख्खं गाव आत आणून बसवलं असतं, तरी चौतीस हजार जागा रिकाम्या राहिल्या असत्या. पण सामन्याच्या शनिवारी त्या रिकाम्या राहत नाहीत. दूरदूरच्या गावांतून गाड्या येतात, विद्यापीठाच्या हिरवळीवर सकाळपासून तंबू पडतात, शेगड्या पेटतात, बँडचे ताशे घुमू लागतात. सामना सुरू होण्याआधी स्टेडियमच्या माथ्यावरून एक गरुड सोडला जातो. तो प्रेक्षकांच्या डोक्यावरून घिरट्या घेत मैदानात उतरतो आणि हजारो कंठांतून एकच आरोळी उठते: ‘वॉर ईगल!’

एवढा सगळा थाट कोणासाठी? अठरा ते बावीस-तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी. अमेरिकेतला कॉलेज फुटबॉल ही जगाच्या पाठीवरची एक नवलाईची गोष्ट आहे. व्यावसायिक संघांच्या तोडीची, कधी कधी त्याहून मोठी स्टेडियमं, देशभर थेट प्रक्षेपण, लाखो डॉलर पगाराचे प्रशिक्षक आणि मैदानात मात्र सकाळी वर्गात बसणारी मुलं. त्यांना खेळायला मिळतात फार तर चार हंगाम. आणि हंगाम तरी केवढा? ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबर संपेपर्यंत नेमके बारा सामने, बहुतेक शनिवारी एक. 2013च्या सुमारास तर एखादा सामना हातचा गेला, की वर्षभराची मेहनत पाण्यात जाऊ शकायची. त्यामुळे इथे एकेका मिनिटाला, प्रसंगी एकेका सेकंदाला, विलक्षण वजन यायचं.

हे वजन किती असू शकतं, हे समजून घ्यायचं तर ऑबर्न टायगर्स संघाचा 2013चा हंगाम बघावा. एका नियमाच्या पोटात किती शक्यता दडलेल्या असतात, हे इतक्या ठळकपणे दाखवणारा दुसरा हंगाम मला माहीत नाही.

तळ

आधी मागचं वर्ष. 2010मध्ये ऑबर्नने 14 पैकी 14 सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं. दोनच वर्षांत होत्याचं नव्हतं झालं. 2012मध्ये बारापैकी तीन विजय, नऊ पराभव. आणि आपल्या गटात, म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, आठपैकी आठही सामने हरले. जॉर्जियाकडून 38-0, आणि शेवटच्या सामन्यात राज्यातल्याच कट्टर प्रतिस्पर्धी अलाबामाकडून 49-0. विजेतेपद मिळवून देणाऱ्या प्रशिक्षकालाच विद्यापीठाने घरचा रस्ता दाखवला.

नवे प्रशिक्षक आले गस माल्झान. हे आर्कान्सा राज्यात वाढलेले, शाळेच्या संघांना शिकवत शिकवत वर आलेले. 2010च्या विजेत्या ऑबर्न संघाच्या आक्रमणाची आखणी त्यांचीच होती. त्यांची पद्धत एका वाक्यात सांगायची तर: दोन चालींच्या मध्ये जमून खलबत करायचं नाही, चाल संपली की लगेच रांगेत उभं राहायचं आणि समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही.

संघात मोठी नावं नव्हती. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, होता निक मार्शल. तो आधी जॉर्जिया विद्यापीठात बचावपटू होता. तिथून त्याला काढून टाकलं, मग कॅन्ससमधल्या एका छोट्या कॉलेजातून तो इथे आला. चेंडू घेऊन पळणारा ट्रे मेसन होता, ‘डी ला सोल’ या हिप-हॉप त्रिकुटातल्या व्हिन्सेंट मेसन यांचा मुलगा. हंगाम सुरू झाला, तेव्हा देशातल्या पहिल्या पंचवीस संघांच्या यादीत ऑबर्नचं नावही नव्हतं.

मोकळा सोडलेला माणूस

पुढचं समजायला खेळाची चौकट थोडक्यात बघू. मैदान 100 यार्ड, म्हणजे साधारण 91 मीटर लांब. दोन्ही टोकांना दहा दहा यार्डांचा पट्टा, तो एण्ड झोन. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना 10 यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. जमलं तर नव्या चार संधी, नाही तर चेंडू समोरच्यांचा. चेंडू घेऊन एण्ड झोन गाठला की टचडाउन, त्याचे 6 गुण, आणि वर एका किकचा 1. तिथवर पोचणं कठीण दिसलं, तर लांबूनच लाथ मारून चेंडू गोलखांबांच्या मधून काढायचा. तो फील्ड गोल, त्याचे 3 गुण.

आता एक साधं गणित. क्वार्टरबॅकने चेंडू धावपटूच्या हाती दिला की त्याचं काम संपतं. म्हणजे आक्रमणातले दोघे वजा झाले आणि वाट मोकळी करायला उरले नऊ. समोर मात्र अकराच्या अकरा. ही तूट भरायची कशी? माल्झान यांच्या संघाने ती भरली ती अशी, की बचावातल्या एका खेळाडूला मुद्दामच कोणी अडवायचं नाही.

एक चाल जवळून बघा. चेंडू मार्शलच्या हातात येतो. बाजूने मेसन आडवा पळत येतो. मार्शल चेंडू त्याच्या पोटाशी धरतो, पण सोडत नाही. क्षणभर त्या एका चेंडूवर चार हात असतात. मार्शलची नजर मेसनवर नसते. ती असते त्या मोकळ्या सोडलेल्या धिप्पाड खेळाडूवर. तो मेसनवर झेपावला, तर मार्शल चेंडू ओढून घेतो आणि त्यानेच रिकाम्या केलेल्या जागेतून पळतो. तो मार्शलसाठी थबकला, तर चेंडू मेसनकडेच राहतो आणि मेसन मधून घुसतो. बिचाऱ्याने काहीही केलं तरी ते चुकतंच! कोणी त्याला हातही लावलेला नसतो, आणि तरी तो खेळातून बाद झालेला असतो. निर्णय आधी ठरलेला नाही. तो प्रतिस्पर्ध्याच्या पावलावरून, चेंडू दोघांच्या हातात असताना घेतला जातो.

या एका कल्पनेवर ऑबर्नने 2013मध्ये दर सामन्यात सरासरी 328.3 यार्ड पळून काढले. त्या वर्षी देशातल्या पहिल्या श्रेणीतल्या कोणत्याही संघाला एवढे जमले नाहीत. मिसिसिपी स्टेटविरुद्धचा सामना शेवटच्या दहा सेकंदांवर आला असताना टचडाउन करून जिंकला. पुढच्याच आठवड्यात लुइझियाना स्टेटने 35-21 असं हरवलं. त्यानंतर मात्र गाडी थांबेना. टेक्सास ए अँड एमला त्यांच्या घरच्या मैदानावर 45-41, टेनेसीला 55-23. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दहापैकी नऊ विजय. आदल्या वर्षभरात मिळाले होते त्याच्या तिप्पट.

दोघांच्या हातातून निसटलेला पास

16 नोव्हेंबरला जॉर्जियाचा संघ जॉर्डन-हेअरवर आला. शेवटच्या सत्रात ऑबर्न 37-17 असा पुढे होता. मग जॉर्जियाने ओळीने तीन टचडाउन केले आणि 38-37 अशी आघाडी घेतली. जिंकलेला सामना डोळ्यांदेखत हातातून गेला.

36 सेकंद उरले होते. ऑबर्नची चौथी, म्हणजे शेवटची संधी, आणि गाठायचे होते 18 यार्ड. मार्शलने जीव खाऊन चेंडू लांब फेकला. ज्याच्यासाठी फेकला त्या रिकार्डो लुईसच्या वाटेत जॉर्जियाचे दोन बचावपटू नेमके उभे होते. दोघेही चेंडूवर झेपावले. त्यांच्यातल्या एकाने तो नुसता खाली पाडला असता तरी सामना तिथेच संपला असता. पण दोघे एकाच चेंडूच्या मागे लागले, चेंडू हाताला लागून वर उसळला आणि त्यांच्या डोक्यावरून पुढे गेला. पुढे लुईस पळत होता. मान वळवून त्याने वर पाहिलं, खांद्यावरून येणारा चेंडू एकदा चाचपडला, मग धरला आणि थेट एण्ड झोनमध्ये शिरला. 73 यार्डांचा टचडाउन. 43-38.

इथे नशीब होतं, यात शंका नाही. पण नशिबाला शिरायला फट ठेवली होती ती नियमाने. फेकलेला चेंडू जमिनीला टेकेपर्यंत मेलेला नसतो. तो कोणाच्याही हाताला, खांद्याला, शिरस्त्राणाला लागो. हवेत आहे तोवर जो धरेल त्याचा. लुईसला फेक चुकल्यासारखी दिसली असूनही तो थांबला नाही, म्हणून चेंडू उसळला तेव्हा तो चेंडूच्या पुढे होता. थांबला असता तर तोच चेंडू त्याच्यापुढे काही यार्डांवर पडून मेला असता.

एक सेकंद

दोन आठवड्यांनी, 30 नोव्हेंबरला, अलाबामाचा संघ आला. या दोन विद्यापीठांच्या सामन्याला ‘आयर्न बोल’ म्हणतात, कारण कित्येक वर्षं तो बर्मिंगहॅममध्ये, लोखंड आणि पोलादाच्या शहरात, खेळला जायचा. पहिला सामना 1893चा. पुढे 1907नंतर दोन्ही विद्यापीठांत असा बेबनाव झाला की 1948पर्यंत ते एकमेकांशी खेळलेच नाहीत. या राज्यात ‘तू कोणाकडचा?’ हा प्रश्न लहानपणीच विचारला जातो आणि लग्न लागलं तरी उत्तर बदलत नाही.

त्या दिवशी अलाबामा देशात पहिल्या क्रमांकावर, अपराजित, आणि लागोपाठ तिसऱ्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या वाटेवर. ऑबर्न चौथ्या क्रमांकावर. शेवटच्या सत्रात अलाबामाच्या एजे मॅकॅरनने अमारी कूपरकडे चेंडू फेकला आणि 99 यार्डांचा टचडाउन झाला. रांगेतून सुरू होणाऱ्या आक्रमणाच्या चालीत याहून लांब पल्ला मिळवणं शक्यच नसतं. अलाबामा 28, ऑबर्न 21.

शेवटच्या अडीच मिनिटांत ऑबर्नने पुन्हा पुन्हा मेसनच्या हाती चेंडू दिला. त्याच चालीने मधून थोडे थोडे यार्ड काढले. मग तीच चाल पुन्हा सुरू झाली, पण या वेळी मार्शलने चेंडू स्वतःकडे ठेवला आणि कडेला पळाला. पास झेलणाऱ्या सॅमी कोट्सवर नजर ठेवून असलेला बचावपटू त्याला अडवायला पुढे सरसावला. चाल जिथून सुरू झाली ती रेषा ओलांडून पुढे पाऊल टाकलं असतं, तर मार्शलला चेंडू पुढे फेकता आला नसता. त्या पावलाच्या अलीकडे त्याने तो उडवला. कोट्सभोवती कोणी नव्हतं. 39 यार्डांचा टचडाउन, 28-28, 32 सेकंद शिल्लक. आधी मोकळा सोडलेला माणूस होता तसा, या वेळी मोकळा झालेला.

आता अतिरिक्त वेळेत निकाल लागणार, असंच सगळ्यांना वाटलं. अलाबामाचा टीजे येल्डन चेंडू घेऊन पळाला आणि ऑबर्नच्या 38 यार्ड रेषेजवळ मैदानाबाहेर गेला. घड्याळात शून्य होतं. पण अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन हटले नाहीत. मैदानाबाहेर पाय पडला त्या क्षणी घड्याळ थांबायला हवं होतं, आणि तेव्हा वेळ उरलेली होती. पंचांनी चित्रफीत पाहिली. सेबन यांचं म्हणणं बरोबर होतं. घड्याळावर एक सेकंद परत आला.

एका सेकंदात एकच चाल होते. सेबन यांनी फील्ड गोलचा निर्णय घेतला. पल्ला 57 यार्ड, म्हणजे 52 मीटर. नेहमीच्या किकरचे तीन प्रयत्न त्या दिवशी फसले होते, त्यातला एक ऑबर्नने अडवला होता. म्हणून पाठवला तो ॲडम ग्रिफिथ, पहिल्या वर्षाचा, पायात दम असलेला मुलगा. वयाच्या तेराव्या वर्षापर्यंत तो पोलंडमधल्या अनाथाश्रमात वाढला होता. मग जॉर्जियातल्या एका कुटुंबाने त्याला दत्तक घेतलं.

माल्झान यांनी टाइमआउट मागितला. आणि त्या थोड्या वेळात एक बदल केला: गोलखांबांखाली उभं राहायला त्यांनी ख्रिस डेव्हिसला पाठवलं. अकरा नंबरची जर्सी घातलेला हा बर्मिंगहॅमचा मुलगा, शेवटच्या वर्षात शिकणारा, चेंडू घेऊन उलट पळण्यात पटाईत.

तिथे माणूस उभा करायचा तरी कशाला? किक लागली तर 3 गुण, चुकली तर शून्य, असंच बहुतेकांना वाटतं. इथेच नियमाची गंमत आहे. क्रिकेटमध्ये फेक यष्टींना न लागता पुढे निघून गेली, तर चेंडू संपत नाही. फलंदाज ओव्हरथ्रोच्या धावा पळून काढतात. फील्ड गोलचंही तसंच आहे. चेंडू खांबांपलीकडे मैदानाबाहेर गेला तर तो मेला. पण तो आखूड पडला आणि मैदानाच्या आत कोणी झेलला, तर तो जिवंत असतो, आणि झेलणाऱ्याला समोरच्या टोकापर्यंत पळायची मुभा असते. गोलखांब एण्ड झोनच्या मागच्या कडेवर असतात. म्हणजे खांबांच्या किंचित अलीकडे पडणारा चेंडू अजून मैदानातच असतो.

दुसरी गोष्ट, आणि ती त्याहून महत्त्वाची. किक मारताना मैदानात कोण असतं? किक अडवली जाऊ नये म्हणून खांद्याला खांदा लावून भिंत करणारे सगळ्यात वजनदार खेळाडू. त्यांचं काम जागचं न हलणं. पळणाऱ्याचा पाठलाग करणं हे त्यांचं काम नाही. मैदान 53 यार्डांहून थोडं अधिक रुंद. ही भिंत मात्र मधोमध, आखडून उभी. म्हणजे चेंडू जर परत आला, तर समोर मोकळं रान आणि ते राखायला जड पावलांची माणसं. रांगेत उभ्या ऑबर्नच्या दहा जणांकडे मात्र चपळ पाय होते.

ग्रिफिथने किक मारली. दिशा चांगली होती, पण चेंडू आखूड पडला. डेव्हिसने तो मागच्या कडेपासून जेमतेम यार्डभर अलीकडे झेलला. घड्याळ संपलं होतं, पण सुरू झालेली चाल घड्याळ संपलं म्हणून थांबत नाही. तो आधी सरळ निघाला, मग डावीकडे, बाहेरच्या रेषेच्या कडेला. पाय रेषेवर पडला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. ऑबर्नचे खेळाडू त्याच्या आणि अलाबामाच्या मध्ये येत गेले, एकेकाला अडवत गेले. मैदानाच्या मध्यापाशी, किकसाठी चेंडू धरून ठेवणारा अलाबामाचा खेळाडू शेवटचा आडवा आला आणि मागे पडला. पुढे कोणी नव्हतं. 109 यार्ड पळून डेव्हिस दुसऱ्या टोकाच्या एण्ड झोनमध्ये शिरला. 34-28. या खेळीला आज सगळी अमेरिका ‘किक सिक्स’ म्हणून ओळखते.

सीबीएसवर समालोचन करणारे व्हर्न लुंडक्विस्ट यांनी निकाल सांगितला आणि मग बराच वेळ ते एक शब्दही बोलले नाहीत. स्टेडियमचा आवाज तेवढा घराघरांत ऐकू येत राहिला. त्या परिस्थितीत करण्यासारखं तेच एक उत्तम काम होतं, आणि इतका अनुभवी माणूसच ते करू शकतो.

एका सेकंदासाठी भांडून घेणारा प्रशिक्षक चुकला होता का? माझ्या मते नाही. त्याच्या हक्काचा सेकंद त्याने मागितला. पण सेकंद परत मिळतो तेव्हा तो दोघांनाही मिळतो. हा या प्रसंगाचा गाभा आहे.

नसलेल्या झाडांखालचा जल्लोष

ऑबर्नमध्ये मोठा विजय मिळाला की लोक टूमर्स कॉर्नर या चौकात जमतात आणि तिथल्या ओक वृक्षांवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या फेकतात. फांद्यांवरून पांढऱ्या पट्ट्या लोंबू लागतात, रस्ता, माणसं, पोरं सगळं पांढरं होतं. 2010च्या आयर्न बोलनंतर अलाबामाच्या एका चाहत्याने तिथल्या तेव्हाच्या दोन जुन्या झाडांच्या मुळाशी जालीम तणनाशक ओतलं आणि स्वतःच रेडिओवरच्या कार्यक्रमात फोन करून ते सांगितलं. विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी माती उपसली, उपचार केले. झाडं वाचली नाहीत. 23 एप्रिल 2013 रोजी ती कापावी लागली. त्या चाहत्याला तुरुंगवासही झाला.

म्हणजे इतिहासातला सगळ्यात थरारक आयर्न बोल जिंकला त्या रात्री चौकात झाडंच नव्हती. त्यांच्या जागी त्या हंगामापुरत्या तारा ताणल्या होत्या. लोकांनी तारांवर, खांबांवर, दिव्यांवर, जे दिसेल त्यावर पांढऱ्या पट्ट्या फेकल्या. 2015मध्ये तिथे नवे ओक लावले गेले. खेळाचं वेड माणसाला झाडाच्या मुळावर उठवतं, आणि तेच वेड हजारो माणसांना झाडांशिवायही त्याच चौकात एकत्र आणतं. या खेळाविषयी बोलताना दोन्ही सांगायला हवं.

तेरा सेकंद

एका आठवड्याने, 7 डिसेंबरला, गटाच्या अंतिम सामन्यात ऑबर्नने मिझुरीला 59-42 असं हरवलं. संघाने एका सामन्यात पळून काढलेले यार्ड होते 545. एकट्या ट्रे मेसनने 46 वेळा चेंडू घेतला आणि 304 यार्ड काढले. 46 वेळा कोणीतरी धिप्पाड माणूस अंगावर येणार हे माहीत असून 46 वेळा पळत जायचं! त्याच रात्री दुसऱ्या क्रमांकाचा ओहायो स्टेट मिशिगन स्टेटकडून हरला. तेव्हा राष्ट्रीय अंतिम सामन्यात फक्त दोन संघ जायचे. ते मतदानाच्या याद्या आणि संगणकी गुणांकन यांच्या मिश्रणातून ठरायचे. ऑबर्नला दार उघडलं.

6 जानेवारी 2014. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाचं रोज बोल स्टेडियम. समोर अपराजित फ्लोरिडा स्टेट. ऑबर्न एका टप्प्यावर 21-3 असा पुढे होता. शेवटी अटीतटीची झुंज झाली. 1 मिनिट 19 सेकंद उरले असताना मेसनने 37 यार्डांचा टचडाउन करून 31-27 अशी आघाडी मिळवून दिली. या हंगामात मेसनने एकूण 1,816 यार्ड काढले आणि बो जॅक्सनचा 1985चा ऑबर्नमधला विक्रम मोडला.

फ्लोरिडा स्टेटला 80 यार्ड जायचं होतं. ते गेले. एण्ड झोनपासून 10 यार्डांवर त्यांचा एक पास चुकला. पण तो अडवताना ऑबर्नच्या बचावपटूने नियमबाह्य अडथळा आणला, असा पंचांचा निर्णय झाला आणि चेंडू 2 यार्डांवर आला. तो बचावपटू होता ख्रिस डेव्हिस. पुढच्याच चालीत केल्विन बेंजामिनने टचडाउन केला. 34-31. घड्याळात राहिले होते तेरा सेकंद.

एका सेकंदात ज्याने सगळं मिळवून दिलं, त्याच्याच नावावर शेवटचा दंड लिहिला गेला. आणि चार वर्षं संपली असल्यामुळे ऑबर्नसाठी तो त्याचा शेवटचा सामना ठरला. यात कोणाला क्रूरपणा दिसेल. मला यात खेळाची प्रामाणिकता दिसते. ‘किक सिक्स’ घडवणारा नियम ऑबर्नचा सगा नव्हता. शिट्टी वाजेपर्यंत काहीच संपत नाही, हे ऑबर्नला मिळालं तसंच फ्लोरिडा स्टेटलाही मिळालं.

ग्रिफिथचं पुढे काय झालं

तेव्हापासून कॉलेज फुटबॉल पुष्कळ बदलला. पुढच्याच वर्षी दोनऐवजी चार संघांचा प्लेऑफ आला, 2024पासून बारा संघांचा. एका पराभवाने आता हंगाम बुडत नाही. 2013मध्ये या मुलांना शिष्यवृत्ती मिळायची, पण खेळातून एक डॉलर कमावण्याची परवानगी नव्हती. 2021पासून त्यांना स्वतःच्या नावाचा आणि चेहऱ्याचा मोबदला घेता येतो, आणि 2025पासून विद्यापीठंही थेट पैसे देऊ शकतात. डेव्हिसच्या त्या धावेची चित्रं, पोस्टरं, टी-शर्ट तेव्हा विकले गेले असतील, तर त्यातला एक पैसा विद्यार्थी असेपर्यंत त्याला घेता आला नसता. हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

आता ॲडम ग्रिफिथ. त्या रात्री आखूड पडलेल्या किकने त्याचं नाव एका दुर्दैवी क्षणाशी कायमचं जोडलं गेलं, असं कोणालाही वाटलं असतं. तो अलाबामाकडून खेळत राहिला. 11 जानेवारी 2016 रोजी ॲरिझोनातल्या ग्लेनडेलमध्ये राष्ट्रीय अंतिम सामना होता, अलाबामा विरुद्ध क्लेमसन. शेवटच्या सत्रात ग्रिफिथने फील्ड गोल मारून 24-24 अशी बरोबरी साधली. गुण मिळाल्यावर चेंडू लांब लाथाडून समोरच्यांना द्यायचा असतो. पण तिथेही नियमात एक फट आहे: ही किक 10 यार्ड गेली, की चेंडू जो पकडेल त्याचा.

ग्रिफिथने लांब किक मारलीच नाही. त्याने चेंडूला हळूच उचललं आणि मैदानाच्या कडेला, जिथे क्लेमसनचं कोणी नव्हतं, तिथे अलगद टाकलं. अलाबामाच्या मार्लन हम्फ्रीने तो पळता पळता झेलला. चेंडू अलाबामाकडेच राहिला. दोन चालींत टचडाउन झाला आणि सामना 45-40 असा जिंकला. ज्याची किक जिवंत राहिली म्हणून अलाबामाचा एक हंगाम बुडाला होता, त्याचीच किक जिवंत राहिली म्हणून दुसऱ्या हंगामाचं विजेतेपद आलं.

कधी अमेरिकन फुटबॉलचा सामना लागला आणि दोन पाच मिनिटांत काही कळेनासं झालं, तर चॅनल बदलू नका. किक मारायची वेळ आली की किकरकडे आणि खांबांकडे सगळेच बघत असतात. तुम्ही जरा मागे, एण्ड झोनमध्ये बघा. तिथे कोणी उभा आहे का? असेल तर तो कोणत्या पायावर भार देऊन उभा आहे? किक लागली तर त्याची कोणी दखल घेणार नाही. शंभरातल्या नव्याण्णव वेळा तसंच होतं. पण त्याला तिथे पाठवणाऱ्याने नियमपुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं असतं.